आबांची खुर्ची

९ मे २००३, शुक्रवार. दौंड.

सासरे भांडगावाहून आले त्याला आज पाच दिवस झाले. आमच्या नव्या फ्लॅटात हॉल आणि किचनच्या मधे भिंतच नाही. ह्यांनी कुरकुंभला साहेबाच्या घरी तसं बघितलं आणि हौस आली. आता आबा हॉलमधे बसणार आणि मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर सांभाळत भाकरी थापणार. पदर सारखा गॅसकडं जातो.

सोमवारी मधे दोरीवर जुनी साडी टांगली, तर पंख्याच्या वाऱ्यानं तीच शेगडीवर यायला लागली. मग कपाट आडवं लावलं, तर ओट्यावर अंधार. काल ह्यांनी प्लायवूडचा विषय काढला.

आज सकाळी त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि माझ्याकडं पाठ करून खिडकीशी ठेवली. म्हणाले, "सूनबाई, ते कपाट जागेवर लाव. मला हितनं रस्त्यावरच्या गाड्या बघायच्यात."

दिवसभर तिथंच बसले. पंख्याचा वारासुद्धा तिथं पोचत नाही. उठायचं झालं की आधी मोठ्यानं खाकरायचे, तेवढ्यात मी पदर घ्यायचे. किती दिवसांनी कमरेला पदर खोचून निवांत स्वयंपाक केला! मला का नाही सुचलं हे?

आत्ता संध्याकाळी ते फिरायला गेलेत. उगाच त्यांच्या खुर्चीत बसून बघितलं. रस्ता दिसतच नाही तिथनं. समोर हातभरावर शेजारच्या बिल्डिंगची भिंत, आणि तिच्यावर सांडपाण्याचा एक पाइप.