नववीतलं चुकलेलं गणित

तीर्थरूप आईस, तुझ्या मास्तरचा नमस्कार.

मी मजेत आहे, जेवतोही वेळेवर. तुझा गुडघा कसा आहे?

एक सांगतो, पण बाबांना वाचून दाखवू नकोस. परवा नववीच्या वर्गात फळ्यावर माझं गणित चुकलं. एका मुलीनं चूक दाखवली, तर "फार शहाणी झालीस, बस खाली!" म्हणून मी तिला गप्प केलं. सगळा वर्ग हसला.

काल वह्या तपासल्या. तिनं स्वतःचं बरोबर उत्तर खोडून माझं चुकीचं लिहिलं होतं. शरमेनं मला पुढची वही उघडवेना.

आज सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. ती उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "सर, पुन्हा चूक दिसली तर सांगू? रागावणार नाही ना?"

आई, मुलं मला इतकी घाबरतात, हे मला ठाऊकच नव्हतं गं.

तुझा धाकटा