दाढेखालचा युरो

ती. स्तोयान्का आक्का, व्हिएन्नाच्या दिशेला तोंड करून धाकट्या गेंचोचा नमस्कार. तुझे गुडघे आता तरी ऐकत असतील. माझं विचारू नकोस, उजवीकडची दाढ गेली आहे आणि तोंड उघडलं की शीळ वाजते, म्हणून लिहितो आहे.

एक जानेवारीला आपलं जुनं चलन लेव जाऊन युरो आला, हे तुला कळलंच असेल. देशाला झेपलं, आपल्या घराला झेपेना. माझा मेहुणा मिन्को (शेजारच्या गावाला जाताना दोनदा चुकणारा) डिसेंबरभर मला युरोपची एकी शिकवत होता. त्याने बाल्कनीत निळा झेंडा लावलाय, त्याच दोरीवर त्याची बायको मोजे वाळत घालते. म्हणतो कसा, "दाजी, आता आपण आणि जर्मन एका पंगतीत." मी म्हटलं, "पंगत असेल रे, पण वाढपी तू असशील." माझं म्हणणं एवढंच की लेव आपला स्वतःचा. (तो वर्षानुवर्षं आधी जर्मन मार्काच्या आणि मग युरोच्याच दावणीला बांधलेला होता, हे मिन्कोने चारचौघांत काढायची काही गरज नव्हती.)

पेटलं ते बानित्सावरून. नव्या वर्षाच्या बानित्साच्या पापुद्र्यांत नाणं ठेवून भाजायचं, ज्याच्या तुकड्यात निघेल त्याचं वर्ष भाग्याचं, हे आपल्या आईपासून चालत आलेलं. यंदा नाणं कुठलं? आमची भांडणं ऐकून नेदेल्का (माझी बायको, पण आधी मिन्कोची बहीण) वैतागून म्हणाली, यंदा नाणंच नाही. तिची पाठ वळताच मी गुपचूप एक लेव आत खुपसला. मिन्कोनेही युरो खुपसला होता. आमचं एकमत झालं ते एवढंच.

बानित्सा फिरवली, कापली, गैरहजर माणसाचा म्हणून तुझा तुकडा फडताळात ठेवला. मी पहिलाच घास घेतला, कडकन आवाज झाला, दाढ हातात आली आणि नाणं पोटात गेलं. मिन्को हसत म्हणाला, "माझा युरो गिळलात दाजी, आता तुम्हीही युरोपात." मी माझ्या लेवबद्दल चकार शब्द काढला नाही. उलट त्याला विकाऊ म्हटलं, त्याच्या झेंड्याला फडकं म्हटलं. त्याने टोपी उचलली आणि निघून गेला.

तेव्हापासून फिरकलेला नाही. संध्याकाळी सोंगट्यांचा पट मांडून मी दोन्ही बाजूंनी खेळतो आणि दोन्हीकडून हरतो. त्याच्याइतका मूर्ख गावात दुसरा नाही, आणि त्याच्याशिवाय मला करमत नाही.

तुझा गेंचो

ता. क. नाणं अखेर आलं. (मार्ग विचारू नकोस.) धुऊन पाहिलं तर लेव.

आणखी एक ता. क. मग तुझा तुकडा फोडला. मिन्कोचा युरो त्यात होता. दोन्ही नाण्यांवर संत तोच, आपला रिलाचा इव्हान, दाढीसकट. म्हणजे यंदाचं भाग्य तुझं, तेव्हा ते न्यायला ये. येताना दोन घरं अलीकडे थांब आणि मिन्कोला हाताला धरून घेऊन ये. दाजीची दाढ लेवनेच पाडली, हे त्याला तूच सांग. मी सांगायला गेलो तर शीळ वाजते.