डिस्क दुरुस्त झाली, नोंदी गेल्या: फेरतपासणीसाठी अर्ज

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
डोंगरपट्टी बालरक्त तपासणी प्रकल्प,
डहाणू, जि. पालघर

विषय : १,१८६ मुलांच्या सिकलसेल तपासणीच्या नोंदी नष्ट झाल्याचे लेखी मान्य करून फेरतपासणीस मंजुरी मिळणेबाबत.

संदर्भ : आपले दि. ७ ऑक्टोबर २०२४ चे पत्र.

महोदय,

मी क्रांती जतीन पागधरे, राहणार धाकटी डहाणू, आपल्या कार्यालयात कंत्राटी संगणक चालक आहे. डहाणू व तलासरी तालुक्यांतील पाड्यांवर मार्चअखेर झालेल्या तपासणीच्या सर्व नोंदी मी एकटीने भरल्या. निकालांच्या मूळ चिठ्ठ्या नोंद झाल्यावर कार्यालयाच्या आदेशाने जाळण्यात आल्या. मुलांची कार्डे छापायची राहिली होती.

जूनमध्ये संगणकाची डिस्क टकटक वाजू लागली. नोंदींची दुसरी प्रत ठेवण्यासाठी एक बाहेरची डिस्क मिळावी, असे मी दोनदा लेखी मागितले. 'दुरुस्तीचे सॉफ्टवेअर घेण्यात आले असल्याने प्रतीची आवश्यकता नाही' असे उत्तर आले. दि. ९ जुलै रोजी ते सॉफ्टवेअर मी चालवले. बिघडलेल्या नोंदी काढून टाकायच्या का, असे पडद्यावर विचारले गेले. मी तंत्रज्ञ श्री. उमेश यांना फोन केला. ते म्हणाले, "हो म्हणा मॅडम, नाहीतर पुढे जाणार नाही." मी हो म्हटले. चाळीस मिनिटांनी 'दुरुस्ती यशस्वी, त्रुटी शून्य' असे आले. डिस्कचा आवाज थांबला. नोंदींच्या जागी नावाऐवजी नुसते आकडे असलेल्या फायली होत्या. त्यांतली एकही उघडली नाही.

दि. २ सप्टेंबर रोजी सायवनजवळच्या पाड्यावरून नवशी रघ्या धोडी कार्यालयात आल्या. त्यांची आठ वर्षांची मुलगी सुकी तापाने फणफणली होती, हातपाय दुखून रडत होती. दवाखान्यात डॉक्टरांनी आधीच्या तपासणीचा कागद मागितला होता. नवशीबाई म्हणाल्या, "बाई, तुमचे पेटीत तिचा नाव हाय ना? तेवढा लिहून द्या." सुकीची नोंद मीच भरली होती, पण इतक्या नावांत तिच्यापुढे काय लिहिले होते ते मला आठवले नाही. मी संगणक उघडून त्यांना दाखवला. त्या बराच वेळ बाकावर बसल्या आणि एसटीची वेळ झाल्यावर गेल्या.

कागद नसल्याने सुकीला साध्या तापाचे औषध देऊन घरी पाठवले गेले. दि. ५ रोजी तिला मोठ्या रुग्णालयात हलवले. तेथे रक्त तपासले, सिकलसेल निघाला. दि. ६ रोजी सकाळी ती गेली. आधी कळले असते तर पहिल्याच दिवशी पुढे पाठवले असते, असे तिथल्या डॉक्टरांनी नवशीबाईंना सांगितले. त्यांनी ते मला दि. ९ रोजी सांगितले. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. मी दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे दहा वाजता कामावर आले.

त्यानंतर मी फेरतपासणीचा प्रस्ताव दिला. सॉफ्टवेअरच्या अहवालात त्रुटी शून्य असल्याने नोंदी गहाळ झाल्याचे आढळत नाही, सबब फेरतपासणीचे कारण उरत नाही, असे आपण संदर्भीय पत्रात कळवले आहे. अहवाल डिस्कपुरता खरा आहे. डिस्क आज उत्तम चालते, तिच्यात काही नाही. दुसरी प्रत असती तर डिस्क मोडली तरी चालले असते.

आपण नोंदी गेल्या असे लिहिल्याशिवाय पथक निघणार नाही. तसे लिहिल्यास कोणाची तरी चूक दाखवावी लागेल, ही अडचण मी समजते. ती माझी दाखवावी. माझे कंत्राट संपवले तरी हरकत नाही. दिवाळीनंतर पाड्यांवरची माणसे मुलांसह वीटभट्ट्यांवर जातात, मग ती पावसाळ्यापर्यंत सापडत नाहीत. मंजुरी त्याआधी मिळावी, ही विनंती.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
क्रांती जतीन पागधरे
(सही)
डहाणू, दि. १४ ऑक्टोबर २०२४

सोबत :
१. बाहेरच्या डिस्कच्या मागणीची दोन पत्रे व उत्तर
२. मला आठवलेल्या ३१२ मुलांची नावे व पाडे (निकाल आठवत नाहीत)
३. कोऱ्या कागदावर माझी सही. मी चूक कबूल केल्याचा मजकूर कार्यालयाने आपल्या सोयीने भरावा.