खळीच्या गंजातलं अंडं

आई, मी आता अंडं खाते. रोज एक, उकडलेलं, तुझ्या माघारी आम्ही राहायला आलो त्या आपल्याच घरातल्या स्वयंपाकघरात, तू बसायचीस त्याच जागी. तुझाच थायरॉइड मला लागला. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी मान चाचपली, रक्ताचा कागद पाहिला आणि सांगितलं, सकाळी उपाशीपोटी गोळी घ्या, मग तासभर चहासुद्धा नको, आणि खाण्यात अंडं ठेवा, पिवळ्यासकट. मी विचारलं, अंड्यानं बरा होतो का? म्हणे, "नाही हो, गोळी काही सुटणार नाही. अंगात ताकद राहील, एवढंच." आता बरंच होणार नसेल तर खायचं कशाला? मला तेव्हापासून यात काहीतरी काळंबेरं वाटतं. माझा स्वभाव तुला माहीतच आहे. गवळी शपथ घेत असला तरी मी दुधात बोट बुडवून पाहणारी.

संशय पहिल्यांदा आला तो अंड्यांवर. सून आणते ती तांबूस, लहान, गावरान दिसणारी. पण पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून गावरान म्हणून खपवतात असं ऐकलं होतं, म्हणून एक दिवस ओल्या फडक्यानं घासघासून पाहिलं. रंग गेला नाही. मग संशय सुनेवर आला. पवनीच्या बाजारात तर ती जातच नाही, मग आणते कुठून? विचारलं तर म्हणते, "आनतो ना आई, तुमी खा चुपचाप." ते 'चुपचाप' मला झोंबलं. रोज दुपारी ती पदराखाली वाटी घेऊन मागच्या गल्लीनं जाते आणि जपून पाय टाकत परत येते. ती चाल मी ओळखते, आई. पदराखाली काही असलं की तूही तशीच चालायचीस.

तुलाही डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. तेव्हा बाबा म्हणाले, "आपल्या घरात अंडं शिरलं नाई अन् शिरनारबी नाई." विषय संपला. पण मागच्या गल्लीतल्या काकूकडे कोंबड्या होत्या, आणि तुझी मान सुजलेली तिला दिसत होती. ती पहाटे एक अंडं आणून द्यायची. उकडायचं कशात? स्वयंपाकघरातलं भांडं बाटवायचं नाही, म्हणून तू खळीचा गंज, ते मागाच्या कामाचं पातेलं, निवडलास. मागावर चढवायच्या ताण्याचं सूत खळ पाजून ताठ करायचं असलं की तांदळाची खळ तू पहाटेच पडवीतल्या चुलीवर शिजवायला ठेवायचीस. त्या उकळत्या खळीत अंडं सोडायचीस आणि बाबा अंघोळ करून येईपर्यंत पळीनं काढून घ्यायचीस. मग भिंतीकडे तोंड करून, बोटं फुंकत, मिठाला लावून उभ्याउभ्या खायचीस. मला कसं माहीत, ते शेवटी सांगते.

मग तो दिवस आला. अंडं तडकलं. तू घाईनं काढलंस, पण पांढरं खळीत उतरलं होतं. गल्लीत ताणा पसरलेला, बाबा त्यावर खळीचा कुंचा फिरवताहेत, आणि सुताला पांढरे लोळे चिकटताहेत. कुंच्यात टरफलाचा तुकडा निघाला आणि बाबांचा चेहराच उतरला. विणकराच्या खळीत अंडं सापडलं तर त्याला दुसरं काय सुचणार! कुंचा टाकून ते घरात आले. "करनी! कोनंतरी आपल्या मागावर करनी केली. पडवीत कोन आलं होतं?" तू ओल्या हातांनी दारात उभी. तू हात पदराला पुसत राहिलीस. तेव्हा मी बोलले, "मागची काकू आली होती, सकाळी."

खोटं नव्हतं ते. आली तर होतीच.

बाबा तिच्या दारात जाऊन काय काय बोलले, ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. काकू ओरडली नाही. तिनं फक्त तुझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सांग ना वं बाई, काय झालं थे." तू मान खाली घातलीस. त्याच संध्याकाळी बाबांनी मागच्या दाराला खिळे ठोकले. काकूला करणीवाली म्हणू लागले लोक, तिच्या हातचं हळदीकुंकू घेईनात. माझ्या लग्नाचा मांडव तिच्या अंगणापासून दहा पावलांवर पडला होता, पण तिला कोणी बोलावलं नाही. तू पुन्हा अंड्याला हात लावला नाहीस. गोळी मात्र चहाच्या घोटाबरोबर घेत राहिलीस, जाईपर्यंत.

गेल्या आठवड्यात मी सुनेच्या मागे मागे गेले. म्हटलं, आज काय ते कळू दे. ती थेट काकूच्या दारात जाऊन थांबली. आई, काकू अजून आहे गं! मागचं दार खिळलेलंच, त्या गल्लीत मी कधी पाऊलच टाकलं नव्हतं. कमरेत पार वाकली आहे, पण कोंबड्या तशाच. सून मला बघून घाबरली. काकू घाबरली नाही. "ये ना वं. उन्हात कायले उभी राहिली?" मी आत गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती म्हणाली, "खाऊन राहिली ना रोज? सोडू नोको. तुह्या मायनं अर्ध्यातच सोडलं." मी तिच्या आवाजात टोमणा शोधला. सापडला नाही. मग अंडं माझ्या हातावर ठेवत ती म्हणाली, "तुह्या मायले मी कदी दोष नाई देल्ला. तिले त्या घरात राहाचं होतं. पर माहं नाव कोनं सांगतलं, थे मले आजवर समजलं नाई." असं म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली. तिला माहीत आहे की नाही? आयुष्यभर लोकांवर संशय घेतला मी, पण कोणाच्या नजरेला एवढी भ्याले नव्हते. अंडं पदरात घेऊन मी तशीच घरी आले.

तुला वाटलं असेल, पोर लहान होती, दिसलं ते बोलून गेली. तसं नव्हतं, आई. पडवीच्या दाराला फट होती. मी तुला रोज खाताना पाहत होते. खळीत अंडं कोणाचं, हे त्या घरात तुझ्याइतकंच मला माहीत होतं. तुझं नाव येऊ नये म्हणून काकूचं घेतलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. पण राग होता माझ्या मनात. तू इतक्या चवीनं खायचीस, आणि मला एकदाही घासभर दिलं नाहीस. मला वाटायचं, काकू येते म्हणून तू मला विसरतेस.

ही चिठ्ठी तुला पोचणार नाही, ते कळतं मला. काकूला वाचता येत नाही, नाहीतर तिच्याच दाराखालून सरकवली असती. तिला तोंडानंच सांगावं लागेल. रोज सकाळी गोळी घेते आणि ठरवते, हा तासभर मोकळाच आहे, तेवढ्यात जाऊन सांगून येऊ. चपला घालते, अंगणापर्यंत जाते, परत येते. मग तास भरतो, सून तिच्याकडचं अंडं सोलून पुढ्यात ठेवते, आणि मी चुपचाप खाते.