पिवळी रेघ मोडून बघावी

मी, नागसेन भाऊराव सोनोने, वय ५३, धंदा मोटारजुळणी, राहणार धामणगाव बढे, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा. माझ्या हातानं झालेल्या वस्तू अशा: राहत्या घराचा लोखंडी जिना, वर्कशॉपची पूर्ण शेड, इंजिन उचलायची घोडी, मुलगी महामाया हिचा बेरिंगवर झुलणारा पाळणा, आणि तेवीस उघड्या गाड्या. यांतलं काहीही मला कोणी शिकवलेलं नाही. सातवीनंतर शाळा सुटली, पुढचं सगळं उघडून आणि परत जोडून शिकलो.

आज माझं डोकं ठिकाणावर आहे, कोणी भरीस घातलेलं नाही, आणि अशा प्रकारचा कागद मी याआधी केलेला नाही. सोमवारी पायाचं बोट काढण्यासाठी अकोल्याला दाखल व्हायचं आहे. साखरेच्या आजारात हे होतं, साधं ऑपरेशन आहे, असं डॉक्टर म्हणतात. असेलही. तरी माझ्यामागे काय कोणाचं, आणि त्याहून आधी, कोणत्या गाडीचे नट बघायचे राहिले, हे लिहिल्याशिवाय मी निघणार नाही.

१. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर माझ्या नावे असलेलं घर माझी पत्नी पंचफुला हिला. त्यात दुसऱ्या कोणाचा वाटा नाही.

२. बँकेतली ठेव महामायेला. मात्र कलम ५ मधल्या गाडीसाठी जो खर्च लागेल तो आधी त्यातून काढावा. ती नर्स आहे, तिला कारण सांगावं लागणार नाही.

३. वर्कशॉप, शेड, सगळी हत्यारं आणि 'नागसेनची गाडी' हे नाव, सर्व पंचफुलाला. नात्यातले लोक विचारतील की बाईमाणसाला वर्कशॉप कशाला. म्हणून कारण लिहितो. ते लिहिताना मान खाली जाते, पण वकील साहेब म्हणाले की कारण लिहिलं तर पुढे वाद होत नाही.

ज्यांना माझा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी: कोइम्बतूरहून सांगाडा, पत्रे आणि सुटे भाग पेट्यांतून येतात. जुन्या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स त्यात बसवून मी गाडी उभी करतो. शहरात तिला किटची गाडी म्हणतात. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे एक लांब दांडा फिरतो, प्रोपेलर शाफ्ट. तो दोन्ही टोकांना चार-चार बोल्टांवर धरलेला असतो. हे बोल्ट ढिले झाले की आधी खालून टकटक येते, मग थरथर. पुढचं टोक सुटून रस्त्यात रुतलं तर गाडी उलटते.

हे नट किती कसायचे याचं माप दाखवणारा टॉर्क पाना बाजारात मिळतो. मी तो कधी घेतला नाही. साधा पाना ओढताना कोपरापर्यंत जो ताण यायचा त्यावर माझा भरवसा होता, आणि बरीच वर्षं तो खोटा नव्हता. कसून झालं की नटापासून तो ज्या लोखंडी पट्टीवर बसतो तिथपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ मारायचो. नट हलला तर रेघ तुटते, लगेच दिसतं. गिऱ्हाइकाला सांगायचो, ही रेघ मोडून कोणी नटाला हात लावला तर मी जबाबदार नाही.

२०२१ साली बुलढाण्याच्या डॉक्टरांनी बोटांना टाचणी लावून पाहिली आणि सांगितलं की हातांची जाणीव गेली आहे. मी ते घरी सांगितलं नाही. पाना ओढत राहिलो. ताण समजत नव्हता तरी समजल्यासारखं करत राहिलो, आणि रेघ मात्र पूर्वीसारखीच सरळ मारत राहिलो.

यंदा फेब्रुवारीत हिवरा आश्रमच्या कंत्राटदारांची, मी जोडलेली अठरा नंबरची गाडी क्लचच्या कामाला आली. खाली निजून शाफ्टकडे पाहिलं. आठही नटांवर माझी पिवळी रेघ तुटलेली. नटावरचा तुकडा पट्टीवरच्या तुकड्यापासून बोटभर सरकलेला, आणि तो सुटण्याच्या बाजूला नव्हे, कसण्याच्या बाजूला. धक्क्यानं नट सुटतो, आपोआप कसला जात नाही. म्हणजे माझ्यानंतर कोणीतरी पाना लावला होता. शेजारी दुसरी रेघ होती, लाल, अखंड. रंग नव्हता तो, नेलपॉलिश होती.

घरी महामायेची एक जुनी बाटली होती. मी पंचफुलाला विचारलं. ती भाजी निवडत होती, तिनं मान वर केली नाही.

"हो. मीच कसले."

"कधीपासून?"

"सतरा नंबरपासून. गाडी द्याच्या आदल्या दुपारी, तुमी जेवून झोपले की."

"तुले कसं समजलं माझ्या हाताचं?"

"चहाचा ग्लास तुमी काठाले धरत होते. मंग मुठीत धराले लागले. वाफ निघून राह्यली अन् तुमाले पत्ता नाही."

"मले काऊन सांगतलं नाही?"

"सांगतलं असतं त ऐकलं असतं तुमी?"

मी म्हणालो, माझी रेघ तुटलेली मला कधीही दिसली असती. ती म्हणाली, "एकदा रेघ मारली की पुन्हा कधी वाकून पाह्यलं तुमी?"

मग मी एक चूक केली. माझी लाज राखली म्हणून तिचे आभार मानायला गेलो. ती म्हणाली, "तुमच्यासाठी नाही केलं म्या. त्या गाडीत लोकायचे लेकरं बसतात." आणि भाजी घेऊन आत गेली.

म्हणून सतरा ते तेवीस या सात गाड्या ठीक आहेत. त्या तिच्या आहेत.

४. पिवळ्या रेघेची माझी अट मी या कागदानं रद्द करतो. ज्याच्याकडे माझी गाडी आहे त्यानं रेघ मोडावी, टॉर्क पाना लावावा. एक ते अकराच्या वेळी हात शाबूत होता, तरी त्याही बघाव्यात. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे असतात, हे सगळं जग करतं. मी मात्र "माझा नट पुन्हा बघावा लागत नाही" असं सांगून लोकांना अडवलं.

५. बारा ते सोळा या पाच गाड्या हात गेल्यानंतरच्या आणि पंचफुलानं पाना धरण्याआधीच्या. चार मी स्वतः जाऊन तपासल्या. दोन गाड्यांचे नट नुसत्या बोटांनी फिरले. मालकांना तोंडावर सांगितलं. एकानं लगेच पोराला गाडीतून खाली उतरवलं.

चौदा नंबर सापडलेली नाही. ती जळगाव जामोदला दिली होती. मालकानं ती विकली, घेणाऱ्यानं पुन्हा विकली, आणि आता ती सातपुड्याच्या पायथ्याकडे कुठेतरी माणसं घेऊन फिरते एवढंच कळलं. या गाड्या खाजगी जागेत फिरवण्यासाठी दिल्या होत्या, पण रस्त्यावर फिरतात हे मला माहीत होतं. रंग हिरवा, समोरचा दिवा एक मोठा एक छोटा, स्टिअरिंगखाली पत्र्यावर १४ ठोकलेलं. मी परत आलो तर शोध मीच घेईन. न आलो तर पंचफुला आणि महामायेनं घ्यावा, आणि गाडी मिळेपर्यंत या शोधाच्या खर्चाशिवाय ठेवीला हात लावू नये. दिसेल त्यानं ती आहे तिथे थांबवावी.

६. मोताळ्याचे स्पेअर पार्टवाले शंकरराव यांच्याशी मी सहा वर्षं बोललो नाही. दुकानात चार माणसांसमोर ते म्हणाले होते, "हाताले माप कुठून येते बे, नागसेन? पाना घे, पाना." पंचफुलाला टॉर्क पाना त्यांनीच दिला, बचत गटाच्या पैशांवर, आणि कोणासमोर चकार शब्द काढला नाही. मी दुकानावरून मान फिरवून जात होतो तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. माझा लांब दांड्याचा जुना पाना त्यांना द्यावा. त्यांनी तो विकला तरी चालेल.

७. बैठकीतली सत्काराची फ्रेम उतरवावी. शाल कोणाला पांघरायला द्यावी. तो सत्कार २०२३ चा. स्टेजवर मी म्हणालो होतो की माझ्या हातचा नट आजवर सुटलेला नाही. पंचफुला पहिल्या रांगेत होती. तिनं टाळ्या वाजवल्या.

८. वर्कशॉपची पद्धत पुढे अशी: आटे पुसून कोरडे करावेत. आत नायलॉनचं कडं असलेला नायलॉक नट एकदा काढला की फेकावा, पुन्हा घालू नये. समोरासमोरचे नट आळीपाळीनं कसावेत. शेवटचा ओढा मापाच्या पान्यानंच. रेघ कोणत्याही रंगाची चालेल.

वरील मजकूर मी वाचून दाखवला, तो साक्षीदारांनी ऐकला, आणि माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. पंचफुलाची सही नाही, कारण जिला मिळतं तिनं साक्ष करू नये असं वकील साहेबांनी सांगितलं.

साक्षीदार: १) रंगराव इंगळे, शेजारी. २) अन्नपूर्णाबाई गवई, निवृत्त शिक्षिका.

ठिकाण: धामणगाव बढे. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५.
लिहून देणार: नागसेन भाऊराव सोनोने

सह्यांखाली पानावर जागा उरली. कोऱ्या जागेत नंतर कोणी काही घालू नये म्हणून ती मीच भरतो, आणि समासात आम्ही तिघांनी पुन्हा सह्या केल्या आहेत. वर्कशॉप काढलं त्या वर्षी मी हेल्पर शोधत होतो. पंचफुला म्हणाली होती, "बाहेरचा मानूस ठेवन्यापेक्षा मलेच ठेवा. तुमी सांगसान तसे नट कशीन. पन फुकट नाही, मजुरी घेईन." दोन गिऱ्हाइकं बसली होती. मी त्यांच्याकडे बघून हसलो आणि तिला म्हणालो, "तुले डावे-उजवे आटे तरी समजतात काय?" तो विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही. तिनं मागितलेली मजुरी होती, रोज एकशे वीस रुपये.