तुझ्या पुस्तकातला बाप

सुलतान बाजार, हैदराबाद
१२ फेब्रुवारी २०२५

चि. पल्लवी,
सप्रेम जय भीम.

गेल्या महिनाभरात माझ्या हातानं झालेलं कळवतो. दोन नव्या बाजाच्या पेट्या, त्यातली एक सागवानी. तीन जुन्या पेट्यांचे भाते. विहारातल्या पेटीच्या सगळ्या पट्ट्या. आणि तुझ्या आईला एक पोळपाट. पोळपाट डगमगतो असं ती म्हणते. डगमगतो तो ओटा.

तू छपाईआधी पाठवलेली कादंबरी दोनदा वाचली. फोनवर तू मधेच हसतेस, म्हणून लिहितोय. ज्या जुन्या कादंबरीवरून तू ही आजकालची प्रेमकथा केलीस, तिच्यावरच मी मराठी वाचायला शिकलो. माझी शाळा तेलुगूतली, तीही पाचवीपर्यंत. असो.

तुझी त्रिवेणी एका हातानं भाता मारते आणि दोन्ही हातांनी पेटी वाजवते. तिला हात किती?

आता मोठी गोष्ट. जुन्या कादंबरीत त्रिवेणीच्या बापाचं पेट्यांचं दुकान तिचा श्रीमंत प्रियकर विकत मागतो. ती म्हणते, आधी बाबांजवळ बसून एक सूर जुळवायला शीक. त्याला बसवत नाही. तो निघून जातो, लग्न होत नाही. ते वाचून मला जेवण गेलं नव्हतं. तुझ्या पुस्तकात तो गच्चीवरून फुगे सोडतो, ती रडते, दुकानाचं कॅफे होतं आणि पेट्या भिंतीला टांगतात, शोभेला. ज्यानं जे मागितलं ते त्याला मिळालं. मग गोष्ट कशाची?

आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "पोरीनं पुस्तक लिहिलं अन् तुम्ही हात मोजत बसले! काय टोचलं ते सरळ सांगा की तिला."

बाप टोचला. तो माझ्यासारखा पेटीचे पितळी सूर कानशीनं घासताना डोळे मिटतो, माझ्यासारखा चहा बशीत ओतून विसरतो. आईनंही लगेच ओळखला. आणि तोच माणूस दुकानाच्या कागदावर सही करून वरातीत नाचतो. पल्लवी, मी आपलं दुकान विकून मोकळं व्हावं, असं तुला मनातून वाटतं का?

छपाई पुढच्या आठवड्यात आहे म्हणतेस. लग्न राहू दे, फुगे राहू देत. सहीचं तेवढं पान बदल. नाही बदललंस तरी प्रकाशनाला पुण्याला येईन, पण चार शब्द बोला म्हणू नकोस.

एक गोष्ट आईलाही सांगितलेली नाही. दिवाळीआधी शेजारच्या इमारतीचा मालक दुकान विकत मागायला आला होता. "क्या रक्खा है तातेराव साब इस डब्बे में? पैसे लेलो, आराम करो." मी त्याला चहा पाजला आणि नको म्हणालो.

बासष्ट लाख देत होता.

तुझा
बाबा