मोहाची फुलं पडायच्या आधी

मोरबी, टाइल्सचा कारखाना

बाबांना रामराम, आईच्या पाया पडतो.

डोळ्याचा विषय काढला की तुम्ही फोन आईकडे देता, म्हणून कागद लिहितो. उषा बहिणी, बाबांना मोठ्याने वाचून दाखव.

मी मजेत शे. काळी शेळी व्याली का? मागच्या साली मोहाच्या फुलांबरोबर तुम्ही तिच्या लेंड्याही वेचून आणल्या, ऐकून आमची बठ्ठी, सगळीच्या सगळी खोली हसली. मीही हसलो, पण मग जेवण गेलं नाही.

"मोतीबिंदू पिकू दे" म्हणता, तो काय आंबा शे? इथले डॉक्टर म्हणाले, पिकायची वाट बघू नका. होळीला फुलं पडतील, त्याच्या महिनाभर आधी धुळ्याला ऑपरेशन करू.

मी एका जागी टिकत नाही म्हणता ना? महिनाभर खाटेजवळ बसून थेंब टाकीन. पळालो तर लांबूनही दिसेन तुम्हाला.

तुमचाच भटक्या,
ईश्वर